माणूस नका अडवू

पाटोद्याच्या स्टँडसमोर भागवतदादाच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला, तेव्हा मी रिक्षातून उतरून तो नीट वाचला. पुढाऱ्याचा फोटो पुरुषभर उंच, हात जोडलेला, दात दिसणारा. त्याच्या खाली कार्यकर्त्यांचे गोल गोल फोटो, निम्मे गॉगल लावलेले. आणि उजव्या कोपऱ्यात, झेंडूच्या छापील हाराखाली, तळहाताएवढा भागवतदादा. खाली ओळ होती : ‘भारतीय नौदलाचे झुंजार सेनानी.’

नौदल! ज्या दलातून तो दातओठ खात बाहेर पडला, त्याचंच नाव मेल्यावर त्याच्या कपाळी चिकटवून ही माणसं मोकळी झाली. आणि चिकटवलं कुणी, तर ज्याच्या हातातला माईक भागवतदादाने भर सभेत काढून घेतला होता, त्याने.

मी तिथे उभी राहून शिव्या घातल्या. मनातल्या मनात नव्हे. शेजारच्या केळीवाल्याने मान वर केली.

“काय झालं ओ बाई?”

“चुकीचं लिहिलंय.”

“फ्लेक्सवर बरोबर कोन लिहितंय?” तो म्हणाला आणि फणीतून केळी तोडायला लागला.

त्याचंही खरंच होतं. म्हणून मी कागदावर लिहायला घेतलं. भागवतदादाचं सगळं आयुष्य मला माहीत नाही. त्याची पदकं कोणती, तो कुठेकुठे लढला, हे सांगणारे दुसरे असतील. पिंपळदऱ्याला आमची आणि त्याची भिंत एक होती, मी त्याच्यापेक्षा लहान, आणि पुढे नोकरीच्या निमित्ताने मी अशा ठिकाणी होते की त्याच्या आयुष्यातले दोन वाईट दिवस मला डोळ्यांनी बघायला मिळाले. तेवढ्यावर हे लिहिते आहे.

तो रागीट होता. हे आधी सांगून टाकते, कारण फ्लेक्सवर ते येत नाही. राग आला की तो पहिल्यांदा पायातल्या चपला काढायचा. नवख्या माणसाला वाटे, आता हा चप्पल फेकून मारणार. तो मारत नसे. चपला नीट जोडीने बाजूला ठेवायचा, अनवाणी उभा राहायचा आणि मग बोलायचा. आवाज चढत नसे, उलट उतरे. आमच्याकडे भांडण म्हणजे वेशीपर्यंत ऐकू गेलं पाहिजे, त्यामुळे त्याचा हा खालच्या पट्टीतला राग लोकांना जास्त लागायचा. ग्रामसेवकाला त्याने एकदा असं झापलं की तो बिचारा म्हणाला, “साहेब, त्यापेक्षा वरडा तरी.”

आमच्या भागात फौजेतून आलेला प्रत्येक जण ‘मेजर’ असतो. शिपाई म्हणून निवृत्त झालेला मेजर, हवालदार मेजर, बँकेच्या दारात बंदूक घेऊन बसलेलाही मेजर. भागवतदादा खराखुरा मेजर होऊन आला, तर गावाला त्यात काही विशेष वाटलं नाही. पारावरची माणसं म्हणाली, “आला का मेजर? आता गावात पाच मेजर झाले.” मला वाटलं, हा चपला काढणार. पण तो मोठ्याने हसला. “बरोबर हाय,” म्हणाला, “फौजेत बी आसंच पाह्यजे हुतं.”

दुसरी एक खोड होती. तो कुणालाही हाताने पाणी देत नसे. घरी पाहुणा आला की तांब्या दाखवायचा, “त्यो तिथं हाय, घ्या.” ताट वाढायचा नाही, चहाचा कप कुणाच्या हातात द्यायचा नाही. आणि स्वतःला कुणी काही आणून दिलेलंही त्याला खपत नसे. वहिनीने लग्नानंतर पहिल्यांदा त्याच्यासाठी ताट वाढून आणलं, तर त्याने ते तिच्या हातातून काढून घेऊन तिलाच दिलं आणि स्वतः चुलीपाशी गेला. वहिनी दोन दिवस रडली. तिला वाटलं, आपल्या हातचं याला नको आहे. सगळ्या गावाचं मत होतं की भागवत शिष्ट आहे, मोठा साहेब झाला म्हणून माणुसकी विसरला. खरी गोष्ट नेमकी उलटी होती आणि ती त्याने एक मी सोडून कुणालाच सांगितली नव्हती.

त्याचे आईबाप ऊसतोडीला जायचे. दसरा झाला की गाडी भरायची, आणि भागवतदादा आजीपाशी राहून शाळा करायचा. बारावी झाली आणि नौदलात निवड झाली. आमच्या गावात तोवर समुद्र कुणी बघितला नव्हता. प्यायचं पाणी टँकरने यायचं, आणि आमचा एक पोरगा पाण्यावरच्या नोकरीला निघाला! पहिल्या सुट्टीला तो पांढऱ्याशुभ्र कपड्यांत आला तेव्हा बायाबापड्यांनी त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. त्याची आई कौसामावशी घरोघर सांगत फिरली, “माझं लेकरू बोट चालवतंय.”

लेकरू बोट चालवत नव्हतं. त्याला नेमलं होतं ‘स्टुअर्ड’ म्हणून. भरतीच्या वेळी हा शब्द ऐकून त्याला वाटलं होतं, सुकाणूपाशी उभं राहण्याचं काहीतरी काम असेल. जहाजावर गेल्यावर कळलं की काम म्हणजे अधिकाऱ्यांच्या जेवणाच्या खोलीत, म्हणजे वॉर्डरूममध्ये, टेबलं मांडायची, वाढायचं, उष्टं उचलायचं, ग्लास पुसायचे. हातावर रुमाल टाकून भिंतीला पाठ लावून उभं राहायचं आणि कुणाची प्लेट रिकामी होते ते बघायचं. बोलायचं नाही. ऐकलं तरी ऐकलं नाही असं तोंड करायचं.

“काम हलकं नव्हतं सुमे,” तो मला एकदा म्हणाला. आम्ही दोघं अंगणात शेंगा फोडत बसलो होतो आणि मी विचारलंही नव्हतं. “वाढणारा हात हलका नसतोय. माझ्या आईनं जन्मभर वाढलं. पर ते लोकं माझ्याकडं बघतच नव्हते. मी आत आलो काय आन् भाईर गेलो काय. पंखा फिरतो ना डोक्यावर, तसा. पंख्याला कुणी नाव इचारतंय का?”

तो हुशार होता, पुढे शिकत होता. तिन्ही दलांतल्या जवानांना परीक्षा देऊन सैन्यात अधिकारी होण्याची एक वाट असते. तिच्यासाठी वरच्याने अर्ज पुढे पाठवावा लागतो. भागवतदादाने अर्ज दिला. ज्या अधिकाऱ्याला रोज सकाळी तो चहा देत असे, त्यानेच तो पुढे पाठवायचा होता. त्याने अर्ज वाचला आणि हसत विचारलं, “तू गेलास तर वॉर्डरूमचा चहा कोण करणार?”

टेबलावरचे बाकीचेही हसले. चांगल्या मनाने हसले असतील. भागवतदादा म्हणायचा, तेच तर वाईट. त्या माणसाने शिवी दिली असती तर गोष्ट तिथेच मिटली असती. पण त्याने कौतुक केलं. पाठ थोपटली. आणि अर्ज खणात टाकला.

पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज, पुन्हा खण. शेवटी त्या साहेबाची बदली झाली, नवा आला, त्याने गठ्ठ्यातल्या बाकीच्या कागदांबरोबर त्याच्यावरही सही ठोकली. न वाचता. एका माणसाचं आयुष्य एकाने वाचून अडवलं आणि दुसऱ्याने न वाचता सोडलं. यावर मला अजून हसावं की थुंकावं ते कळत नाही.

तो नौदल सोडून सैन्याच्या प्रशिक्षणाला निघाला, तेव्हा गावात जणू कुणी मेलं. त्याचा बाप डोक्याला हात लावून ओट्यावर बसला. “आरं, पांढरी कापडं सोडून मातीत लोळायला कावून चाललास?” भागवतदादाने बापाला सांगितलं, समुद्रात ओकाऱ्या होतात. मित्रांना सांगितलं, जहाजावर करमत नाही. शाळेतल्या मास्तरांना सांगितलं, “सर, आपण पडलो डोंगरातली माणसं.” ज्याला जसं पटेल तसं. माणूस एक दल सोडून दुसऱ्यात का जातो, याचं असं सोयीचं उत्तर लोकांना हवं असतं आणि तो ते पुरवत राहिला. आईला मात्र काहीच सांगितलं नाही, कारण तिला सांगायचं तर आधी बोट चालवत नव्हतो, हे सांगावं लागलं असतं. ती मरेपर्यंत म्हणत राहिली, “बोट चालवायचा माझा भागवत, तरी सोडली.”

मला मात्र शेंगा फोडता फोडता तो म्हणाला होता, “कुणी दल सोडत न्हाई गं. टेबलाच्या पल्याड बसलेला एक माणूस आसतोय. त्याला सोडून जातंय.”

तो अधिकारी झाला आणि त्याने एक नेम केला. त्याच्या हाताखालच्या कुठल्याही जवानाचा अर्ज त्याच्या टेबलावर अडणार नाही. कुणाला पायदळातून दुसरीकडे जायचं असे, कारण गुडघे गेलेले. कुणाचा भाऊ त्याच पलटणीत मारला गेलेला, त्याला त्या बराकीत झोप येत नसे. कुणाची बायको आजारी, त्याला घराजवळचं ठाणं हवं. कुणाचं नुसतं मन उडालेलं. भागवतदादा कारण विचारायचा नाही. म्हणजे विचारायचा, पण सही आधी करायचा. आमच्याकडे भिंतीभिंतीवर सरकारने रंगवून ठेवलंय, ‘पाणी अडवा, पाणी जिरवा.’ त्याने त्याला जोड दिली होती : “पानी आडवा. माणूस नका आडवू.” सुट्टीवर आला की तलाठ्यापासून शाळेच्या हेडमास्तरांपर्यंत सगळ्यांना तो हे ऐकवायचा. लोक हसायचे. मलाही ते वाक्य छान वाटायचं. वाक्यं छान असतात, त्यांची किंमत पुढे कळते.

त्याच्याच पलटणीत ज्ञानोबा होता. नेकनूरचा. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्याचं घर. बाप बाबूराव, आई, आणि धाकटी बहीण वर्षा. मी तेव्हा नेकनूरच्या शाळेत शिकवत होते, वर्षा माझ्या वर्गात होती, म्हणून घर माहीत. ज्ञानोबा लंगरमध्ये, म्हणजे फौजेच्या स्वयंपाकघरात, कुक होता. हात असा गोड की बाहेरच्या पलटणीचे लोक जेवायला यायचे. त्याने अर्ज केला : मला चुलीपुढून काढा, रायफल द्या.

भागवतदादाने सही केली. पण त्याच्या वरच्या साहेबाने त्याला बोलावून घेतलं. म्हणाला, “चांगला कुक मिळत नाही, जायभाये. राहू दे ना पोराला. सुखात आहे.”

“सर,” भागवतदादा म्हणाला, “हे वाक्य मी आधी ऐकलंय.”

साहेबाला काही कळलं नाही. भागवतदादाने त्या एका अर्जासाठी इतकी भांडणं केली की त्याच्याबद्दल ‘हट्टी, जमवून घेत नाही’ असा शेरा गेला आणि त्याची बढती तिथेच खुंटली. ज्ञानोबाला रायफल मिळाली. त्याने घरी फोटो पाठवला, पांढरा बर्फ आणि त्यात हा काळा तुकतुकीत, दात काढून हसतोय. बाबूरावने तो फोटो मला शाळेत आणून दाखवला होता. “बाई, बघा आमचं येडं. चुलीपुढं ऊब हुती, ती सोडून बर्फात उभं ऱ्हायलंय.”

दोन हिवाळे गेले. गस्तीवर असताना बर्फाचा कडा सुटला. चौघे खाली गेले, त्यातला एक ज्ञानोबा.

नेकनूरला त्या दिवशी जत्रा भरावी तशी गर्दी होती. शाळेच्या पोरांच्या रांगा आम्हीच लावल्या होत्या, वरून आदेश होता. तिरंग्यातली पेटी यायच्या आधी स्टेज आलं, स्टेजच्या आधी स्पीकर आले. देशभक्तीची गाणी एवढ्या मोठ्याने लावली होती की घरातल्या आईचं रडणं तिच्या शेजारी बसलेल्या मला ऐकू येत नव्हतं. तोंड उघडं दिसत होतं फक्त. मी एका कार्यकर्त्याला म्हटलं, “जरा आवाज कमी करा.” तो म्हणाला, “बाई, साहेब निघालेत बीडहून.”

भागवतदादा तोवर दुसऱ्या ठिकाणी बदलून गेला होता. रजा घेऊन आला, गणवेशात. पेटीबरोबर चालत बाबूरावच्या दारापर्यंत आला. बाबूरावने पेटीकडे बघितलं नाही. त्याच्याकडे बघितलं.

“तुमीच सही केलती ना?”

“हो. मीच.”

“भाकरी थापत हुता माझा. त्याला थापू द्यायची. कावून जाऊ दिलं?”

“तोच मागत होता, बाबूराव.”

बाबूरावने त्याच्या कानफटात मारली. गणवेशातल्या माणसाच्या, सगळ्या गावासमोर. टोपी मातीत पडली. फौजदार पुढे धावला, बाबूरावचा दंड धरला. भागवतदादाने खालच्या आवाजात एवढंच म्हटलं, “हात काढा. कुणी हात लावायचा न्हाई त्यांना.” आणि तो ताठ उभा राहिला, पुन्हा मारायचं असेल तर मारा, असा. बाबूरावने मारलं नाही. उंबऱ्यावर बसला आणि कपाळ गुडघ्यांत घातलं.

हे चालू असताना स्टेजवर भाषण सुरू झालं होतं. पुढारी सांगत होता की ज्ञानोबा जन्मजात योद्धा होता, लहानपणापासून त्याच्या रक्तात लढाई होती, या चौकाला त्याचं नाव देऊ, पुतळा उभारू, हातात बंदूक असलेला. टाळ्या पडत होत्या. प्रेताच्या समोर टाळ्या. मी आयुष्यात पुष्कळ निर्लज्जपणा बघितला, पण त्या दिवशीच्या टाळ्यांचा आवाज माझ्या कानातून अजून जात नाही.

भागवतदादाने बूट काढले. लेस सोडवायला वेळ लागला, तेवढा वेळ तो खाली बसून शांतपणे ते सोडवत होता. मग मोज्यांनिशी स्टेजवर चढला आणि पुढाऱ्याच्या हातातला माईक काढून घेतला. ओढला नाही, घेतला. आपलीच वस्तू परत घ्यावी तसा.

“ज्ञानोबा कुक होता,” तो म्हणाला. “चार वर्षं त्यानं लंगरमध्ये पलटणीला जेवू घातलं. त्याच्या भाकरीवर माणसं लढली. हे ह्यांच्या भाषणात आलं न्हाई, कारण ह्यांना त्याची लाज वाटती. पाटी लावणार असाल तर तिच्यावर आधी ‘कुक’ लिहा. मग बाकीचं लिहा. त्याला दुसरीकडं जायचं होतं ते चूल हलकी म्हणून न्हाई. त्याला कुणी इचारलंच नव्हतं, की बाबा, तुला काय पाह्यजे, म्हणून. मी इचारलं. तेवढाच माझा गुन्हा हाय. त्याची शिक्षा मला त्याच्या बापानं दिली, ती मान्य हाय. तुमी टाळ्या बंद करा.”

मग मागून कुणीतरी ओरडलं, “शहिदाला आचारी म्हणतो का बे?” आणि गर्दी फुटली. खाली उतरव, अपमान केला, माफी माग. कुणीतरी माईकची वायर ओढली. पुढारी हात जोडून लोकांना शांत करत होता आणि आतून खूश होता, ते मला खालून स्पष्ट दिसत होतं. दुसऱ्या दिवशी सगळ्या तालुक्यात एकच बोलणं : मेजरने शहिदाचा अपमान केला. पिंपळदऱ्यात त्याच्या घरावर दोन दगड पडले. एक आमच्या पत्र्यावर आला.

चौकात पुतळा झाला. हातात बंदूक आहे. ‘कुक’ हा शब्द कुठेही नाही.

पुढे भागवतदादाने मुदतीआधीच नोकरी सोडली आणि गावी आला. लोकांनी यावरही कारणं लावली. कुणी म्हणालं, बढती नाही म्हणून. कुणी म्हणालं, त्या पोराचं पाप. मी विचारलं नाही. त्याने रानात तूर घातली, शेळ्या पाळल्या, गावात भांडणं केली. आणि दर बाजाराला, न चुकता, एसटीने नेकनूरला जायला लागला. बाबूरावच्या घरी.

पहिल्यांदा गेला तेव्हा बाबूरावने दार लावून घेतलं. दुसऱ्यांदाही. मग कधीतरी उघडं ठेवलं. हा आत जाऊन भिंतीला टेकून बसायचा. बाबूराव दोर वळत असायचा. बऱ्याच वेळाने, दोराकडेच बघत, विचारायचा, “कावून जाऊ दिलं?” भागवतदादा काहीतरी सांगायचा. कधी ज्ञानोबा कसा हसायचा ते, कधी त्याने अर्ज कसा आणून दिला ते. बाबूरावचं समाधान व्हायचं नाही. पुढच्या बाजाराला तोच प्रश्न.

मी एकदा चिडून म्हटलं, “दादा, किती दिवस जाणार? तो तुला माफ करणार नाही.”

“माफी कोन मागतंय?” तो म्हणाला. “त्याला इचारायला कुणीतरी पाह्यजे ना? सरकारला इचारील? त्या पुढाऱ्याला इचारील? त्यो आपला मला इचारतोय. इचारू दे.”

दरम्यान वर्षा मोठी झाली. पोलिसात लागली, आणि नशिबाने बीडलाच. बाबूरावचा जीव भांड्यात पडला : पोरगी नजरेसमोर, सरकारी नोकरी. आणि एक दिवस ती घरी येऊन म्हणाली की मी सरहद्दीवरच्या दलाची परीक्षा पास झाले आहे, पोलीस सोडणार.

बाबूरावने मला निरोप धाडला, बाई, तुमची विद्यार्थिनी आहे, समजावा. आणि भागवतदादालाही आधीच्या बाजारालाच यायला सांगून ठेवलं होतं. आम्ही दोघं एकाच एसटीने गेलो.

घरात सगळे बसले होते. वर्षा गणवेशातच आली होती, ठाण्यावरून. बाबूरावने दोर बाजूला ठेवला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तो भागवतदादाशी हात जोडून बोलला.

“मेजर, मी तुमाला लई टोचून बोललो. आज एक काम करा. हिला न्हाई म्हना. तुमचं ऐकल ती. एवढं म्हना, मग माझं तुमचं काय ऱ्हायलं न्हाई.”

किती सोपं होतं! एक ‘नको’ म्हटलं की त्या घरातलं सगळं देणंघेणं फिटत होतं. मी मनात म्हणत होते, म्हण दादा, म्हणून टाक.

तो वर्षाकडे वळला. “भावासाठी चाललीस?”

“न्हाई. भावासाठी जायचं आसतं तर पैलेच गेले आसते.”

“मग?”

तिने बापाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मान खाली न घालता म्हणाली, “ठाण्यात मला पोहे आणायला धाडत्यात, मेजरकाका. साहेबांच्या पाहुण्याला चहा, बंदोबस्ताला पुढाऱ्याच्या बायकोची पिशवी धरायला. मी पळण्यात पैली आले हुते. कुणाला म्हायती बी न्हाई. मी अर्ज दिला तर साहेब हसले. म्हनले, तू गेलीस तर ठाण्याची रौनक जाईल.”

भागवतदादाचा चेहरा मी बघत होते. तो पांढरा पडला आणि मग तांबडा झाला. त्याने तिला सगळं सांगितलं. बर्फ कसा असतो ते, हाताची बोटं कशी काळी पडतात ते. तिच्या भावाला बाहेर काढायला किती वेळ लागला, तो कसा सापडला, जे आजवर त्या घरात कुणी बोललं नव्हतं, तेही सांगितलं. आई उठून आत गेली. वर्षा रडत होती, पण ऐकत होती.

“आता बोल. जायचं?”

“जायचं.”

तो बाबूरावकडे वळला. “मी न्हाई म्हणणार न्हाई, बाबूराव.”

बाबूराव उठला. मला वाटलं, पुन्हा मारतो. त्याने मारलं नाही. दार उघडलं.

“एक नेलं. आता दुसरं बी लेकरू न्या,” तो म्हणाला. “चला. पुन्ना ह्या उंबऱ्यात पाय ठिवायचा न्हाई.”

वर्षा गेली. कुठेतरी लांब, वाळूच्या मुलखात आहे. आईला फोन करते. बाप फोन हातात घेत नाही, पण आई बोलत असली की दोर वळायचा थांबतो, असं आईच मला म्हणाली.

भागवतदादा पुढच्याच उन्हाळ्यात गेला. रानातून आला, छातीत दुखतंय म्हणाला, पाटोद्याला नेईपर्यंत वाटेतच संपला. वर्षाच्या घरच्या त्या दिवसानंतर मी लगेच मुलीकडे पुण्याला गेले होते, मला तोंड बघायला मिळालं नाही. मातीला बाबूराव आला होता, असं वहिनी सांगते. सगळ्यांच्या मागे बाभळीखाली उभा राहिला. फूल वाहिलं नाही, हात जोडले नाहीत. माणसं पांगल्यावर जाता जाता, कुणालाच उद्देशून नाही, असं म्हणाला, “आता म्या कुनाला इचारू?”

भागवतदादाला मी शेवटचं बघितलं ते बाबूरावने आम्हाला घराबाहेर काढलं त्या दिवशी. आम्ही गल्लीतून स्टँडवर आलो. बाजार ऐन भरात होता, मेथीच्या जुड्या, शेळ्या, मोबाईलच्या कव्हरांचे ढीग. पाटोद्याची गाडी लागलेली होती. मी चढले, खिडकीची जागा धरली, पिशवी शेजारी ठेवून त्याची जागा अडवली आणि हाक मारली. तो खाली उभा होता.

“दादा, चढ की. सुटली गाडी.”

“तू जा सुमे.”

“आता कुठे निघालास?”

“त्यानं आज इचारलंच न्हाई,” तो म्हणाला. “इचारायच्या आधीच हाकललं. पोरगी जायच्या आधी त्याचं सगळं माझ्यावर निघू दे. तिच्यावर न्हाई निघालं पाह्यजे.”

कंडक्टरने घंटी मारली. गाडी वळताना मागे बघितलं, तर तो बाजारातून उलटा निघाला होता. गर्दीला खांद्यांनी बाजूला सारत, कुणाच्या रामरामाकडे न बघता, भांडायला निघालेल्या माणसासारखा, त्या गल्लीच्या दिशेने भराभरा चालत.